एकोणतिसाचा पाढा

चौकशी समितीचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "धावपटू कु. ईश्वरी झोरे हिने 'सोबती' या यंत्राची हेतुपुरस्सर फसवणूक केल्याचे प्राथमिक तपासात दिसून येते." म्हणजे नडगीचं हाड मोडून रुग्णालयात पडलेली पोर गुन्हेगार, आणि तिला मोडेपर्यंत पळवणारं यंत्र बिचारं फसलेलं. आरोप शाबीत झाला तर तिचं नाव राष्ट्रीय नोंदणीतून कायमचं निघणार होतं. पाय उद्या बरा झाला असता, पण मग पळायचं कुठे हा प्रश्नच उरला नसता.

ईश्वरी एकोणीस वर्षांची. चाळकेवाडीच्या पठारावरच्या धनगरवाड्यातून अकराव्या वर्षी माझ्याकडे आली. आठ वर्षं पवनचक्क्यांच्या खालच्या कच्च्या रस्त्यांवर पळाली, आणि या एप्रिलमध्ये दहा हजार मीटरच्या निवड चाचणीत तिचं नाव होतं. मी वनिता कणसे, पठार धावक निवासाची प्रशिक्षक होते. 'होते' का म्हणते ते पुढे कळेलच. माझा स्वभाव तापट आहे, आणि जे घडलं त्यात त्या तापटपणाचाही हात आहे, म्हणून ते आधीच सांगून मोकळी होते.

लांब पल्ल्याच्या धावण्यात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे हळू पळणं. ते कुणाला पटत नाही. आठवड्यातले पाच दिवस असं पळायचं की शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. एक दिवस घाटात जीव तोडून पळायचं, एक दिवस पाय वर करून पडायचं. अंतर वाढवायचं तेही बेताबेताने, आणि दर चौथ्या आठवड्याला मुकाट्याने कमी करायचं. नव्या मुलींना गप्पा मारा म्हटलं की त्या लाजून गप्प बसत, म्हणून मी त्यांना पाढे म्हणायला लावत असे. एकोणतिसाचा पाढा, एका दमात दोन ओळी. दम पुरला नाही तर वेग कमी करायचा. त्यांच्याबरोबर मीही पळत असे, आणि कुणाचा पाढा कुठे अडखळला, कुणाचं पाऊल कसं पडलं यावरून दुसऱ्या दिवशी कुणाला किती पळवायचं ते ठरवत असे. वीस वर्षं माझं एवढंच शास्त्र होतं आणि त्याने माझं काही अडलं नव्हतं.

२०३८च्या जानेवारीत मैदानी खेळांच्या संघटनेने सोबती आमच्या गळ्यात मारला. कानात बसणारं, शेंगदाण्याएवढं यंत्र. पुण्याच्या एका कंपनीने केलेलं. त्यामागची कल्पना मात्र खोटी नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती माझीच होती, फक्त त्यांनी ती नीट मोजली होती. बोलायला बाहेर जाणारा श्वास लागतो. माणूस आरामात पळतो तेव्हा त्याच्याकडे बोलण्यापुरता श्वास शिल्लक असतो. वेग वाढला की स्नायूंत आम्ल साचायला लागतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकायची घाई होते, आणि मेंदू श्वास मागत सुटतो. मग बोलणं तुटायला लागतं. सुरुवातीला वाक्य संपल्यावर, नंतर वाक्याच्या मध्येच, शेवटी शब्दाशब्दाला. सोबती हे तुटणं ऐकायचा. हजारो धावपटूंच्या बोलण्यावर तो शिकून तयार झाला होता, त्यामुळे बोटाला सुई न टोचता रक्तातलं आम्ल सांगायचा. त्यावरून दुसऱ्या दिवशीचं अंतर आणि वेगही तोच ठरवायचा. माझ्या हातात दिलेल्या पाटीवर प्रत्येक मुलीच्या नावापुढे एक ठिपका दिसे. हिरवा म्हणजे सहज, पिवळा म्हणजे कष्ट, लाल म्हणजे थांबवा. ठरलेला आराखडा प्रशिक्षकाने बदलायचा नाही, असा लेखी आदेश होता.

मुलींनी बोलतं राहावं म्हणून सोबती त्यांना प्रश्न विचारायचा. काल काय जेवलीस, आईशी बोललीस का, कुणाशी भांडण झालं का. पहिल्याच आठवड्यात त्याने एका सोळा वर्षांच्या मुलीला पाळी कधी आली होती ते विचारलं, आणि ती पळता पळता रडायला लागली. ही सगळी उत्तरं पुण्याला जात होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळी मी सगळ्या मुलींना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, त्या मेल्याला घरातलं काही सांगायचं नाही. तो विचारू दे काहीही, तुम्ही पाढे म्हणा.

मुली हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पाढे म्हणायला लागल्या. सोबतीने तक्रार केली नाही. त्याला आवाजाशी मतलब होता, त्यातल्या मजकुराशी नाही. ठिपके हिरवेच राहिले. मला वाटलं, कंपनीच्या तोंडाला बरी पानं पुसली.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता. पाटी हातात आल्यावर मी जीपमध्ये बसायला लागले. मुली पुढे पळत आणि मी मागून हळूहळू येत असे, मांडीवर पाटी, थर्मासमध्ये चहा. यंत्राला शिव्या द्यायच्या आणि त्याच्या जिवावर बसून राहायचं, असं माझं चाललं होतं. ते सोयीचं होतं, आणि ईश्वरीच्या वेळा सुधारत होत्या. आठवड्याला सत्तर किलोमीटरवरून ती अठ्ठ्याहत्तरवर गेली, मग सत्त्याऐंशी, मग शहाण्णव. चौथ्या आठवड्यात अंतर कमी व्हायला हवं होतं. पाटीवर आलं, विश्रांती-आठवडा अनावश्यक. मी ते वाचलं आणि काही केलं नाही.

चौदा मार्चला, ती एकशे आठच्या आठवड्यात असताना, पठारावरच्या उतारावर तिची डावी नडगी मोडली. आवाज मला जीपमध्ये ऐकू आला. मी धावत गेले तेव्हा ती रस्त्यावर बसून पाय दोन्ही हातांनी धरून होती. तिच्या नावापुढचा ठिपका तेव्हाही हिरवा होता.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून समजावलं. हृदय, फुप्फुसं, स्नायू हे सगळे काही आठवड्यांत वाढीव कामाला तयार होतात. हाड तसं नाही. त्याच्यावर भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. पोखरणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. म्हणून भार वाढवल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सगळ्यात कच्चं असतं, नेमकं माणसाला आपण जोरात आहोत असं वाटत असतं तेव्हा. हळू पळण्याचे दिवस आणि चौथ्या आठवड्याची सूट त्या भरण्यासाठी असते. मला हे वीस वर्षं माहीत होतं, फक्त ते इतक्या स्पष्टपणे कुणी माझ्या तोंडावर सांगितलं नव्हतं.

ईश्वरी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिची आई वाड्यावरून यायला निघाली होती. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं की कधीपासून दुखत होतं, आणि मला का नाही सांगितलंस. माझा आवाज चढला होता. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर तीच होती.

ती वळली नाही. "सांगितलं की बाई," ती म्हणाली. "जीपच्या खिडकीपाशी येऊन सांगितलं, पाय जड वाटतोय. तुम्ही पाटी बघितली आन् म्हणालात, हिरवं हाय बघ, मनाचा खेळ असंल. मग मलाच वाटलं, आपलंच मन कच्चं हाय."

मला ते आठवलं. मी तेव्हा चहा पीत होते. तिच्याकडे मी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

आणि मग तीन आठवड्यांनी ते पत्र आलं. कंपनीने त्यांच्या नोंदी तपासल्या होत्या आणि त्यांना काय चुकलं ते सापडलं होतं. माणूस मनातलं बोलतो तेव्हा शब्द शोधावे लागतात, म्हणून दम कमी पडला की त्याचं वाक्य वेडंवाकडं तुटतं. आठ वर्षं पावलांच्या ठेक्यावर घोकलेला पाढा तसा तुटत नाही. जीव जायची वेळ आली तरी श्वास ठरलेल्या जागीच घेतला जातो. सोबतीला ईश्वरी रोज गप्पा मारत बागेत फिरतेय असंच वाटत होतं, म्हणून तो रोज थोडं वाढवत गेला. इथपर्यंत त्यांचं खरं होतं. पण त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की मुलीने जाणूनबुजून कृत्रिम आवाज देऊन यंत्राला चकवलं, जास्त भार मिळवला आणि चाचणीत पुढे जायचा प्रयत्न केला. वापराच्या अटींत त्याला मनाई करणारं बासष्टावं कलम होतं म्हणे. ते मुलींना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

सुनावणी साताऱ्यात झाली, एप्रिलच्या उन्हात, पंखे बंद पडलेल्या एका दालनात. अध्यक्ष देशमाने साहेब म्हणजे एक निवृत्त अधिकारी, शांत माणूस. कंपनीतर्फे शार्दूल परचुरे नावाचा तरुण अभियंता आला होता. इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. ईश्वरी कुबड्या भिंतीला टेकवून आईशेजारी बसली होती. रुग्णालयातल्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

परचुरेने पडद्यावर आलेख दाखवले. वर्तन संशयास्पद, आवाजाची लय अनैसर्गिक. तो दर दुसऱ्या वाक्याला 'दुर्दैवाने' म्हणत होता. ईश्वरीची आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. तिला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण आपल्या लेकीला लबाड म्हणतायत हे नीट कळत होतं.

मी उठले आणि सांगितलं की पाढे म्हणायला मी सांगितलं होतं. चौदाच्या चौदा मुली पाढेच म्हणत होत्या. हिचं हाड आधी मोडलं, कारण ही सगळ्यात जास्त पळत होती. तुमचं यंत्र पोरींच्या पाळीची चौकशी करत होतं, म्हणून मी हे सांगितलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर त्याला काही सांगू नका असंच सांगेन.

परचुरेच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं. तो म्हणाला, म्हणजे मानवी हस्तक्षेप होता, हे तर प्रशिक्षकच मान्य करतायत. आणि मुलीला त्रास होत असता तर तो कुठेतरी आवाजात आला असता. तीन आठवड्यांच्या आवाजात वेदनेची एक खूण नाही. म्हणजे दुखत असेल तर तिने ते लपवलं, आणि आमचा मुद्दा तोच आहे.

देशमाने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला जीपमधले ते दिवस आठवले, आणि त्याआधीची वीस वर्षं. मी परचुरेला विचारलं, तुमचं यंत्र पावलांचा आवाज ऐकतं का.

तो म्हणाला, नाही, पाऊल आपटलं की आवाजाला हिसका बसतो, तो गोंगाट असतो, तो आधी गाळून टाकतात. मग उरलेला स्वच्छ आवाज यंत्राला दिला जातो.

"गाळायच्या आधीचा आहे का तुमच्याकडे?"

होता. सगळंच साठवलेलं होतं, पाळीच्या उत्तरांसकट. त्याने खांदे उडवले आणि ध्वनिमुद्रणं लावायची तयारी दाखवली. मी देशमाने साहेबांना म्हणाले, तारखा मला दाखवू नका, क्रम उलटसुलट करा. ईश्वरीने रुग्णालयात दिलेला जबाब तुमच्या पाकिटात बंद आहे, तो मी पाहिलेला नाही. मी सांगते दुखणं कधी सुरू झालं, मग तुम्ही पाकीट उघडा.

दालनात ईश्वरीचा आवाज यायला लागला. मागे पवनचक्कीचा घरघराट, वारा, आणि त्यात ती. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आठ वर्षं हा पाढा मी तिच्या खांद्याला खांदा लावून ऐकला होता. ती 'एकोणतीस' नेहमी डाव्या पावलावर सुरू करते. लहानपणी मीच तसं शिकवलं. डावं पाऊल पडलं की त्या शब्दाला खालून एक धक्का बसतो, आवाज किंचित फुटतो. पहिल्या मुद्रणात धक्का होता. दुसऱ्यातही होता. तिसऱ्यात नव्हता. 'एकोणतीस' अलगद येत होतं, सांभाळून, आणि धक्का पुढे सरकून 'दुणे'वर बसला होता, उजव्या पावलावर. श्वास जागच्या जागी होता, एकही ओळ तुटली नव्हती. पण पोर डावा पाय जमिनीला जेमतेम लावत होती आणि पाढ्यातून ते ओरडून सांगत होती.

मला पुढचं ऐकवेना. तरी मी सगळी अकरा मुद्रणं ऐकली आणि धक्का असलेली एका बाजूला, नसलेली दुसऱ्या बाजूला लावायला सांगितली. मग धक्का नसलेल्यांतलं पहिलं कोणतं ते बोटाने दाखवलं. ह्याच्यात ती अजून स्वतःला फसवतेय, मी म्हणाले, मधूनमधून डावा टाकून बघतेय. नंतरच्यांत तिने तो नादच सोडलाय.

देशमाने साहेबांनी त्या मुद्रणाची तारीख पाहिली. सव्वीस फेब्रुवारी. मग पाकीट फाडलं आणि जबाब मोठ्याने वाचला. सव्वीस फेब्रुवारीला मारुतीच्या देवळाच्या उतारावर डाव्या नडगीत पहिल्यांदा कळ आली, असं त्यात होतं. आणि सत्तावीस तारखेला बाईंना सांगितलं, असंही होतं. तेही त्यांनी वाचलं.

परचुरे खाली बघत होता. त्याने हळूच विचारलं, बाहेरून ऐकणाऱ्याला हे कसं कळणार, मॅडम? त्याचा प्रश्न खरा होता, त्यात कावा नव्हता.

"तुम्हाला नाही कळणार," मी म्हणाले. "मला कळलं असतं. मी पहिल्या फर्लांगातच ऐकलं असतं आणि तिला घरी पाठवलं असतं. सोळा दिवस ती सांगत होती आणि ऐकणारी बाई जीपमध्ये बसून चहा पीत होती. हे लिहून घ्या. तिने कुणालाही फसवलेलं नाही."

निकाल आठ दिवसांनी लागला. ईश्वरीवरचा आरोप रद्द झाला, नोंदणी कायम राहिली. अपघाताचं सगळं खापर माझ्यावर फुटलं आणि मला दोन वर्षं प्रशिक्षणाला बंदी झाली. कंपनीबद्दल निकालात एवढंच होतं की पुढच्या आवृत्तीत पाठांतर ओळखण्याची सोय करावी. त्यांनी ती केलीही, आणि सोबती आता आणखी सहा राज्यांत गेला आहे. तो अजूनही पाळी विचारतो. हे लिहिताना माझे दात आपोआप आवळले जातायत. माझ्यावरच्या शिक्षेचा मला राग नाही, ती मी कमावली होती. पण चुकलेल्या यंत्राला सुधारणा मिळते आणि चुकलेल्या माणसाला बंदी, हे मला मरेपर्यंत पटणार नाही.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरीणबाईंनी ईश्वरीला सपाटीवर तीन किलोमीटर पळायची परवानगी दिली. निवासाच्या मैदानावर पाय ठेवायची मला मनाई होती. पठारावरचा रस्ता मात्र सरकारी आहे आणि चोपन्न वर्षांच्या बाईने त्यावर पळू नये असा कायदा नाही. सकाळी सातला मी गुडघ्याला पट्टी बांधून पहिल्या पवनचक्कीपाशी जाऊन उभी राहिले. ती वाड्याकडून चालत आली. कानात काही नव्हतं. मला बघून थांबली आणि पळायला लागली. मी तिच्या डाव्या बाजूला झाले.

सवयीने तिने 'एकोणतीस' म्हटलं आणि लगेच तोंड मिटलं. मी म्हणाले, पाढे नकोत, बोल. तिने विचारलं काय बोलू. म्हटलं, जे मनात असेल ते.

शंभर पावलं आम्ही नुसतं पळालो. मग ती बोलायला लागली. सुरुवातीला हळू, नंतर जोरात. मी खिडकीची काचसुद्धा पूर्ण खाली केली नव्हती त्या दिवशी, हे तिने सांगितलं. पाटी बघून मी कशी खूश व्हायचे आणि त्या खुशीसाठी ती कशी पळत राहायची, ते सांगितलं. सुनावणीत मी मोठी शहाणी ठरले, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तिच्या आईला मात्र घरी जाईपर्यंत कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. एप्रिलची चाचणी तिच्या जागी कोण पळालं, त्या मुलीची वेळ काय आली, आणि त्या वेळेला ईश्वरी कुठे होती, तर संडासापर्यंत जायला आईच्या खांद्यावर. माझ्याबद्दल तिने असे शब्द वापरले जे आठ वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकले नव्हते.

मी तिची वाक्यं ऐकत होते. लांबलचक वाक्यं, एकही मध्ये तुटत नव्हतं. श्वास अर्थ संपेल तिथेच घेतला जात होता. डाव्या पावलाला आवाजाखाली धक्का बसत होता, अगदी पूर्वीसारखा. वेग बरोबर होता आणि हाड भरलं होतं.

तिसऱ्या पवनचक्कीच्या चढावर तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तवाच का न्हाई आलात अशा संगं पळायला?"

मला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं, पण दोन शब्दांच्या पुढे दम पुरेना, वाक्य मध्येच तुटलं. ईश्वरीने ते ऐकलं. तिने वेग कमी केला, माझ्या बरोबरीला आली, आणि मला पुन्हा बोलायला लागली.